विचारल्याशिवाय आउट नाही

पुंडलिकनगरच्या सोनियाताई बेसबॉलच्या पंच. मैदानावर निघण्याआधी भद्रा मारुतीच्या तसबिरीला हात जोडून एकच मागतात, "डोळा चुकू देऊ नको." त्या दिवशी देवानं ऐकलं. डोळा चुकला नाही, आणि तिथंच सगळा घोर लागला.

समोर पिशोर आणि फुलंब्रीच्या पोरी. फुलंब्री ताईंचं माहेर, आणि तिसरा बेस राखणारी मोनाली त्यांची सख्खी भाची. या पोरींना चेंडू धरायला त्यांनीच शिकवलेलं. तरी पिशोरवाले म्हणाले, "ताई असल्या की आम्हाला घोर नाय." जिंकेल तो संघ राज्याला जाणार होता.

शेवटचा डाव. धावा बरोबरीत. पिशोरची एक बाद, त्यांची श्रेया धावायच्या तयारीत तिसऱ्या बेसवर. चेंडू उंच उडाला. झेल हातात पडेपर्यंत श्रेयानं बेस सोडायचा नसतो. झेल झाला, पण ती आधीच सुटली होती; होमला पोचली, म्हणजे जिंकायची धाव. पिशोरच्या पोरी नाचायला लागल्या.

ताईंनी पाहिलं होतं. पण इथं पंचानं आपणहून बोलायचं नसतं. फुलंब्रीच्या कुणी चेंडू घेऊन तिसऱ्या बेसवर पाय द्यायचा आणि म्हणायचं, ही लवकर सुटली. मगच ती बाद, मगच धाव रद्द. सगळ्या रेषेबाहेर गेल्या की तो हक्कही गेला.

चेंडू मोनालीकडंच होता. तिनंही पाहिलं होतं. चेहराच सांगत होता.

"चला घरी! झाली तेवढी शोभा बास झाली!" तिचा बाप धोंडिबा जाळीबाहेरून ओरडला.

फुलंब्रीच्या पोरी एकेक करून ताईंच्या पाया पडून बाहेर निघाल्या. ही शिस्त ताईंचीच. पंचाला उलट बोलायचं नाही, पाया पडायचं नि निघायचं.

मोनाली सगळ्यांत शेवटी वाकली. "आत्या, हरलो व्हय आम्ही?"

शब्द ताईंच्या जिभेवर आला. त्यांनी गिळला. आशीर्वादाचा हातही उचलला नाही, न जाणो पोरीला तीच खूण व्हायची. मारुतीराया, हिला बोलतं कर.

मोनालीनं तिसऱ्या बेसकडं एकदा पाहिलं. मग चेंडू आत्याच्या हातात ठेवला आणि रेषा ओलांडली.

धाव मान्य झाली. पिशोर जिंकलं.

संध्याकाळी ताई फुलंब्रीला गेल्या. मोनालीनं वाटेतच बापाला सगळं सांगितलं होतं.

"तुला दिसलं नव्हतं व्हय?" धोंडिबानं जेवता जेवता ताईंपुढं ताट सरकवलं.

"दिसलं."

"मंग एक शब्द जड झाला? सख्खी आत्या ना तू!"

"तिथं मी कुणाचीच आत्या नव्हते, दादा."

"तूच म्हणली व्हतीस," मोनाली दारातून म्हणाली, "पंचापुढं तोंड उघडायचं नाय."

ताई उठल्या, अंगणात रिकामं पोतं घडी करून बेससारखं टाकलं. "ये, पाय दे यावर. मी पंच. बोल."

"ती लवकर सुटली," मोनाली पुटपुटली.

"ऐकू नाही आलं."

"ती लवकर सुटली!"

धोंडिबाचा घास हातातच राहिला. ताईंनी मूठ वर केली. "आउट," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना पोरीच्या तोंडाकडं बघवेना.