येते म्हण गं

मिरज स्टेशनात गाडी हलली आणि मी खिडकीतून ओरडले, "आई, जाते!" नवं लग्न, यांना दिल्लीत केंद्र सरकारची नोकरी, आर. के. पुरमला क्वार्टर मिळालेलं. कधी एकदा राजधानी बघते असं मला झालं होतं. आई फलाटावरून गाडीबरोबर चालायला लागली. रडत नव्हती, रागावली होती. "जाते काय म्हणतेस? येते म्हण गं, येते म्हण!" मी म्हटलं, पण तोवर फलाट संपला होता. तिला ऐकू गेलं की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दादा, तू तेव्हा तिच्या शेजारी उभा होतास. आणि धाकटे, तू पुढे न्यू जर्सीला निघालीस तेव्हा विमानतळावर न विसरता "येते" म्हणालीस, माझ्यावरून शहाणी झाली होतीस. तुम्हा दोघांना हे लिहितेय, कारण फोनवर सगळं बोलवत नाही. हल्ली मी फोनवर आवाज खाली ठेवूनच बोलते. का, ते सांगते.

मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आल्यापासून सबीना आमच्याकडे स्वयंपाक करायची. बंगालमधल्या कूचबिहारकडची. पहिल्या दिवशी काम आटोपून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "दीदी, आशी." मला वाटलं, मराठीच बोलतेय. मी विचारलं, "अशी? कशी?" ती गोंधळली, मीही गोंधळले. मग हिंदीत उलगडा झाला. त्यांच्याकडेही निघताना "जाते" म्हणत नाहीत. "आशी" म्हणायचं, म्हणजे येते. मला एकदम आईच दारात उभी आहे असं वाटलं. तेव्हापासून रोज ती "आशी" म्हणायची आणि मी "कशी?" विचारायचे. थालीपीठ ती माझ्याहून खुसखुशीत करते, असं यांचं मत होतं. मी ते कधी मान्य केलं नाही.

या उन्हाळ्यात बांगलादेशी घुसखोरांची धरपकड सुरू झाली. कायदा आहे, बेकायदा आलेल्यांना शोधणारच, एवढं मलाही कळतं. पण शोधायचं कसं, तर बोलण्यावरून. बंगाली कानावर पडली की माणूस संशयित. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की मेडचं व्हेरिफिकेशन नसेल तर जबाबदारी घरमालकाची. लोक दोन्हीकडून घाबरले, पोलिसांना आणि उद्या भांडी कोण घासणार याला. गेटवरचा गार्डही बायकांना थांबवून उगाच बोलतं करायला लागला. सबीनाची बडबड आटली. तिच्या आईचा फोन आला की ती ओट्याशी उभी राहून मोडक्या हिंदीत उत्तरं द्यायची. तिच्या आईला हिंदी येत नाही. पलीकडून म्हातारी काहीतरी विचारत राहायची आणि ही "हाँ, ठीक है, अच्छा" म्हणत राहायची.

एका सकाळी तिच्या नवऱ्याला वस्तीतून उचललं. आमच्याच सोसायटीतल्या गाड्या धुणारा माणूस. त्याने आधार दाखवलं, मतदार कार्ड दाखवलं. गावाकडून खात्री होईपर्यंत थांबावं लागेल, म्हणाले. सबीना माझ्या दारात उभी होती. "दीदी, उसको बॉर्डर के उस पार भेज दिया तो?" मी यांच्याकडे पाहिलं. "अगं, आपण सरकारी माणसं. नसती भानगड कशाला?" असं म्हणतच यांनी चपला घातल्या आणि ऑटो बोलावली.

चौकीत साहेबांनी सबीनाला विचारलं, "पानी को क्या बोलती हो?" पानी म्हणणारा बांगलादेशी, जल म्हणणारा इकडचा, असा म्हणे त्यांचा हिशोब. पानी म्हणावं की जल म्हणावं, कुठल्या उत्तराने नवरा सुटेल, हे तिला काय ठाऊक? माझ्याच तोंडून निघून गेलं, "हम भी पाणीच बोलते हैं."

साहेबांनी मान वर केली. "आप कहाँ की हैं?"

"मिरज."

"ये किधर है?"

इतकी वर्षं मी इथे संसार केला. मुलीला मराठीपेक्षा हिंदी सोपी जाते. आणि त्या एका प्रश्नासरशी मी पर्समध्ये आधार कार्ड शोधायला लागले. यांनी घाईघाईने ऑफिसचं ओळखपत्र पुढे केलं, मग मिरज कुठे आहे ते कुणी विचारलं नाही. सबीनाकडे तसलं कार्ड नव्हतं.

गावच्या पोलिसांचं उत्तर आलं आणि तिचा नवरा सुटला. पण सुटून आला तो मान खाली घालूनच. पुन्हा उचलणार नाहीत कशावरून, म्हणाला. दोघांनी सामान बांधलं. सबीना आमच्या घराची किल्ली द्यायला आली. माझ्या हातात किल्ली ठेवली, जिन्याकडे, लिफ्टकडे बघून घेतलं आणि हळूच म्हणाली, "दीदी, जाती हूँ."

मी अनवाणीच तिच्या मागे धावले. "सबीना, आशी बोल! आशी!" लिफ्टचं दार लागलं. समोरच्या बाईंनी दार किलकिलं केलं. "किससे बात कर रही हैं?"

"किसी से नहीं," मी म्हणाले.

धाकटे, परवा तू म्हणालीस की तिकडे तू हल्ली दूध आणायला जातानाही पर्समध्ये इमिग्रेशनचे कागद ठेवतेस. दादा, तू म्हणतोस, एवढी भीती वाटते तर परत या. परत कुठे येऊ, सांग. मिरजेत आता आई नाही, आणि मुलीचं सगळं इथेच आहे. घर म्हणजे निघताना ज्या दारात बिनधास्त "येते" म्हणता येतं ते, असं मी आजवर धरून चालले होते. भाजी आणायला निघते, कुलूप लावते आणि बंद दाराला अजूनही सांगते, "येते."

फक्त त्याआधी जिन्यात कुणी ऐकत नाही ना, ते बघून घेते.