'दार उघडे' लिहिणारीच्या गावी

साताऱ्याहून वडूजची एसटी सुटली तेव्हाच ऊन तापलं होतं. दुष्काळाचं साल. रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसं, पलीकडे करपलेलं माळरान. पुसेगावच्या अलीकडे चाक बसलं. ते बदलेपर्यंत आम्ही बाभळीच्या विरळ सावलीत बसलो.

मी निघालो होतो आभार मानायला. 'दार उघडे' हे भक्तिगीत आमच्या पुण्याच्या ख्रिस्ती मंडळीत नेहमी गातात. पित्याच्या घराचं दार कुणालाही बंद नसतं, असं त्यात आहे. माझी पत्नी शेवटच्या आजारात तेच गुणगुणत गेली. गीतसंग्रहात त्याखाली नाव नाही. साताऱ्यात एका म्हाताऱ्या नर्सबाईंकडून कळलं, की लिहिणारी वडूजची सखू, बाप्तिस्म्यानंतरची रूथबाई. आता कुठे असते, ते माहेरीच विचारा.

वडूजला तिच्या भावाचं घर सापडलं. ते उंबऱ्यातूनच म्हणाले, "सखू? ती आमाला कवाच मेली. तुमी निघा." पाणीसुद्धा विचारलं नाही.

स्टँडच्या वाटेला लागलो, तोच त्यांची बायको धापा टाकत मागून आली. "आवं पावणं, वन्सं सांगलीत हाईत. हळदीच्या पेठंजवळ, किरिस्तावांच्या देवळामागं. त्यास्नी सांगा, आत्याबाई, म्हंजी त्यांची आई, संक्रांतीला गेल्या. ह्यांनी कळवू दिलं न्हाई." हातात भाकरी आणि खर्डा कोंबून ती आल्या वाटेनं पळाली.

सांगलीत पेठेतला पिवळा धुरळा नाकात बसला. चर्चमागच्या खोलीत रूथबाई तांदूळ निवडत होत्या. गीताबद्दल मी बरंच बोललो. त्यांनी मान वर केली नाही.

"बाप्तिस्मा घेतला अन् भावानं कडी लावली. तवा लिवलं. मंडळी गात्यात. मी न्हाई गात."

मग मी निरोप सांगितला.

"संक्रांतीला?" त्या म्हणाल्या. "आता शिमगा बी झाला. माझं नाव काडलं व्हतं का तिनं?"

मला माहीत नव्हतं.

त्या उठल्या. नळाखालची बादली अंगणात ओढली आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर ओतून घेतली.

शेजारीण ओरडली, "आवं रूथबाई, ह्ये सुतक आपल्यात न्हाई!"

"आईच्यात हाय," त्या म्हणाल्या आणि ओलेत्यानं तशाच उभ्या राहिल्या.

परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून बसलो. आभाराचे शब्द मी घरून जुळवून नेले होते. त्यांच्या पदरात पडली ती मयताची बातमी. पुण्यात चर्चच्या पाळकांनी विचारलं, "भेट कशी झाली?"

"त्यांची आई वारली."

"देव सांत्वन देवो," ते म्हणाले, आणि रविवारची गीतं निवडू लागले.