हॉइटच्या तळ्यातले बास

अलाबामातल्या व्हर्लनच्या डोळ्यांत शेजारच्या हॉइटच्या तळ्यातले हातभर बास मासे सलत. हॉइटनं त्यांच्या चाऱ्याला बारीक शॅड मासळी सोडली होती. व्हर्लननं ईर्षेनं नदीतली शॅडची पिल्लं जाळ्यानं पकडली आणि न निवडताच आपल्या बासच्या तळ्यात ओतली. ती निघाली थोराड जातीची. दोन उन्हाळ्यांत ती बासच्या तोंडात मावेनात, उलट बासच्या पिल्लांचं खाणं तीच फस्त करू लागली.

“बास पोसायला निघालात आन् चाराच पोसून बसलात!” बायको लुएला म्हणाली.

हॉइट तळं बघून हळहळला. “सगळं उपसून नव्यानं भर, गड्या. बासची पिल्लं माझ्याकडनं ने.”

“कशाला? मला ही शॅडच आवडते,” व्हर्लन म्हणाला आणि त्या संध्याकाळी नुसत्या काट्यांची ती मासळी मुकाट्यानं चावत बसला.