बिनशिशाचे साडू

माझ्या साडूंइतका शिशाचा वैरी अख्ख्या मॅसॅच्युसेट्समध्ये झाला नसेल. ऐंशीच्या दशकात आम्ही श्रूजबरीत दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहत होतो. ते केमिस्ट, मी मेकॅनिकल इंजिनियर. त्यांच्या परसात सहा मेपल होते. थंडी सरू लागली की ते झाडांना भोकं पाडून रस काढत आणि गॅरेजपुढे मोठ्या पातेल्यात दिवसभर आटवत. चाळीस बादल्या रस आटला की एक बादली सिरप. "म्हणजे रसात चिमूटभर शिसं असेल, तर सिरपमध्ये चाळीसपट," हे ते भेटेल त्याला ऐकवत. पिण्याच्या पाण्याच्या नळांचे सांधे शिशाच्या डाखाने जोडायला सरकारने नुकतीच बंदी केली होती. सिरपच्या भांड्यांबद्दल कोणी बोलत नव्हतं, म्हणून ती बंदी साडूंनी स्वतःच घातली आणि मराठीत लिहून गॅरेजच्या दारावर चिकटवली. वाचणारे आम्ही दोघंच.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे सिरप घ्यायला गेलो, तर हे त्याच्या आजोबांच्या बादल्यांचे सांधे शिशाचे आहेत का ते बघायला चाकूने खरवडू लागले. म्हातारा शांतपणे म्हणाला, "मिस्टर, विकत घ्यायला आलात की धाड घालायला?" आमच्याकडे जेवायला आले की पानावर बसण्याआधी पातेल्यांची बुडं बघत. एकदा पूजेच्या तांब्यालाही त्यांनी चाकू लावला. माझी बायको म्हणाली, "भाऊजी, देवांनी अजून तक्रार केलेली नाही हो." "शिसं बाधल्याचं लगेच कळत नसतं," असं म्हणून त्यांनी तांब्या खिडकीपाशी उजेडात नेला.

एका मार्चमध्ये ऐन उकळीत त्यांचं पातेलं गळू लागलं. साडूंनी मला बिनशिशाच्या डाखाची तार दिली आणि स्वतः बादल्या आणायला गेले. ती तार माझ्या हाताला वळेना, डाख धरेना. माझ्या गाडीत नेहमीची, शिशाची तार होती. पाच मिनिटांत काम झालं. साडू परत येऊन म्हणाले, "वा, इंजिनियर!" तो सांधा त्यांनी खरवडून पाहिला नाही. घरच्या माणसाचा डाख तपासायचा नाही, एवढीच एक सवलत त्यांच्या कायद्यात असावी.

पाडव्याला मराठी मंडळात त्यांच्या सिरपच्या बाटल्या वाटायच्या होत्या. अहवाल आल्याशिवाय थेंबही द्यायचा नाही, म्हणून त्यांनी स्वतःची आणि गावातल्या चौघांची बाटली प्रयोगशाळेत पाठवली होती. चौघे पास झाले. पाडव्याच्या जेवणाआधी साडू उभे राहिले आणि म्हणाले, "यंदा सिरप मिळणार नाही. त्यात शिसं निघालंय. जुनं पातेलं मी नीट पारखलं नाही, चूक माझी." मागून कोणीतरी म्हणालं, "काय यार काका, सगळं गाव तपासलंत आणि शिसं तुमच्याच घरात!" सगळे हसले. मीही हसलो. घास गिळून दोन शब्द बोलायला किती वेळ लागतो? मला पस्तीस वर्षं लागली.

साडूंनी सगळं सिरप टाकून दिलं, बादल्या विकल्या, दारावरचा कागद काढला. त्यानंतर त्यांनी कोणाला काही शिकवलं नाही. मंडळात तो विनोद मात्र ते वारल्यावरही चालू राहिला.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, इट्स ओके. इतकी वर्षं झाली. लेट इट गो." दीड मिनिटात मी सुटलो. साडूंनी असं सोडलं नसतं. तार कुठली, किती लांब सांधा, किती वेळ तापवलास, आधी घासून घेतलं होतंस का, सगळं वहीत टिपून घेतलं असतं. सांधा सहा इंचांचा होता. आधी घासून घेतलं नव्हतं.