महाकाली दरवाज्यातली मोजणी

आधी माझा गाढवपणा सांगते. नरनाळा किल्ल्यावर मी दुसऱ्या बाईची हजेरी लावली. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता.

हजेरी घेणारे सर अकोल्याचे, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. आमच्या अमरावतीच्या महिला मंडळाला इमादशाही घराण्याच्या जागा दाखवायचं त्यांनी कबूल केलं होतं. अचलपूर, गाविलगड आणि शेवटी नरनाळा. प्रत्येक दरवाज्याशी ते काठी आपटत. "बोला आकडे!" आम्ही अठरा जणी. माझा आकडा सात, शेजारच्या पुष्पाचा आठ. आत जाताना मोजायचं, बाहेर येतानाही मोजायचं.

"सर, आम्ही काय बकऱ्या आहोत का?" मी विचारलं.

"बकऱ्या बऱ्या, बाई. त्या एकमेकींच्या मागं तरी चालतात."

स्वतः कधी हसत नसत. खिशात भाजलेले शेंगदाणे असत. एखादी धापा टाकू लागली, की तिच्या हातावर चार दाणे ठेवून म्हणत, "हे चावून होईस्तोवर बसा. आपल्याले कोणती गाडी पकडाची हाये?"

घराण्याची गोष्ट सांगताना मात्र त्यांचा आवाज जड होई. "मूळपुरुष म्हणजे लढाईत पकडलेलं पोर. कैदी म्हणून वऱ्हाडात आला आणि गादीवर बसला. त्याच्या वंशातल्या शेवटच्या वारसाला त्याच्याच वजिरानं इथं वर आणून कोंडला. कैदेत सुरू झालं, कैदेत संपलं." मग झाडीकडे बघून म्हणत, "गडावर माणूस मागं राहिलं, की गड त्याला आपलं समजतो." आम्ही पदर सावरून जवळ जवळ उभ्या राहायचो.

चारनंतर उतरायला लागलो. जंगलात थांबायची मुदत संपत आली होती. महाकाली दरवाज्यात काठी वाजली. मी "सात" म्हटलं. पुढे शांतता. पुष्पा मघाशी शक्कर तलावाकडून निघताना दिसली होती, म्हणजे ती पुढे जाऊन गाडीत बसली असणार, असं मीच ठरवून टाकलं. भूक लागली होती. आवाज बारीक करून मी म्हटलं, "आठ!"

मागून कुणीतरी "नऊ" म्हटलं आणि मोजणी पुरी झाली.

दरवाज्याखाली गाड्या उभ्या होत्या. पुष्पा कुठल्याच गाडीत नव्हती.

दरीत वानरं खाकरू लागली, वाघाची चाहूल लागल्यासारखी. "जनावर हिंडून राहिलं," सोबतचा वनरक्षक हळूच म्हणाला. सर परत चढायला लागले, वनरक्षक त्यांच्यामागे. आम्ही उघड्या जिपांत एकमेकींना चिकटून बसलो. "सरांच्या मोजण्यात गफलत झाली," कुणीतरी म्हणालं. मी मान डोलावली. मान डोलावणारी ती बाई आज समोर आली, तर तिच्या कानाखाली वाजवीन.

सूर्य कड्याआड गेल्यावर ते दिसले. पुष्पाचा पाय मुरगळला होता, सगळा भार सरांच्या खांद्यावर. तिचा घसा पार बसलेला. "तळ्याच्या पायरीवर बसून हाका मारत होते," ती कशीबशी म्हणाली. "गवत हललं की मी गप्प बसायचे."

वनखात्याच्या नाक्यावरच्या वहीत सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'मोजणीत चूक माझी.' त्यानंतर त्यांनी कुणालाही गडावर नेलं नाही. फोन केला की म्हणत, "आता आपल्याच्यानं होत नाही, बाई."

गेल्या दिवाळीनंतर ते वारल्याचं कळलं. मी अकोल्याला त्यांच्या घरी गेले. इतकी वर्षं पुष्पालाही सांगितलं नव्हतं, ते त्यांच्या बायकोला सांगितलं.

"ताई, त्या दिवशी 'आठ' मी म्हटलं होतं. सरांची काही चूक नव्हती."

त्या चहा गाळत होत्या. गाळणं खाली ठेवून म्हणाल्या,

"मले मालूम हाये, बाई. तुमचा आवाज त्यायनं तिथंच वयखला होता. पन त्यायचे गुडघे लय ठणकून राहिले होते. पुन्हा वर जा लागन, म्हून गप रायले. मरेपर्यंत मले तेच म्हनत, 'तिले तं ठावंच नोतं कोनी मांगं रायलं म्हून. मले तं शंका आली होती.'"