दोन्हीकडे शून्य

मयेकर बाई कुणाच्याही घरी गेल्या की पहिली पाच मिनिटं बोलायच्या नाहीत आणि समोरच्यालाही बोलू द्यायच्या नाहीत. पाठ टेकून बसा, पावलं जमिनीला लावा, पायावर पाय नको, हात टेबलावर, आणि आता गप्प. घड्याळ त्या मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या आणि तळहात उताणा करून त्यात बघत बसायच्या. कोकणातल्या घरात पाहुणा येऊन ओटीवर बसलाय आणि घरच्या माणसाला "कधी निघालात, फेरीबोट मिळाली का, चहा घेणार की सरबत" एवढंही विचारता येत नाही, ही केवढी शिक्षा आहे ते इथल्यांनाच कळेल. एका घरातले म्हातारे गृहस्थ तिसऱ्या मिनिटाला न राहवून म्हणाले, "बाई, आमचं काय चुकलं का हो?" बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि पाच मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली.

रक्तदाब मोजण्याआधी माणूस पाच मिनिटं शांत बसलेला असावा, हा नियम सगळ्या पुस्तकांत आहे. तो रोज, प्रत्येक घरात पाळणारी व्यक्ती मी एकच पाहिली.

मुंबईच्या एका संस्थेचं संशोधन आमच्याकडे चालू होतं. रत्नागिरीत दोन भाड्याच्या खोल्या, एक जीप, आणि आम्ही दोघं. मी रक्ताचे नमुने घ्यायचो आणि माहिती संगणकात भरायचो. बाई सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या नर्स, इथे सुपरवायझर. पेपरात आतल्या पानावर "संशोधनातून सिद्ध झाले" अशी बातमी असते ना, मीठ कमी खा, अमुक खा, तमुक टाळा, ती वाचताना लोकांच्या डोळ्यांसमोर काचेची प्रयोगशाळा येते. माझ्या डोळ्यांसमोर गुडघे सुजलेल्या एक बाई येतात, एका हातात रक्तदाबाचं यंत्र, दुसऱ्या हाताने जांभ्याच्या गडग्याला, वाटेकडेच्या दगडी कुंपणाला धरून, एकेक पायरी मोजत चढणाऱ्या. त्या कामाच्या चार वर्षांत मी इतका दमलो की आता तसल्या बातम्या मी वाचतच नाही. पान उलटतो.

बाईंचं एक वाक्य ठरलेलं होतं. "यंत्र काय म्हणतं ते लिही. तुला काय वाटतं ते जेवताना सांग." दुसरं वाक्य शून्याबद्दल होतं. जुनी रजिस्टरं चाळताना त्या एकशेवीस-ऐंशी, एकशेतीस-ऐंशी, एकशेचाळीस-नव्वद अशा ओळींवर बोट ठेवायच्या. "माणसाचं रक्त असं दहाच्या पाढ्यात धावतं का रे? एकीकडे शून्य आलं तर येऊ दे. दोन्हीकडे शून्य दिसलं की समजायचं, नर्स घाईत होती." आमच्या वहीत एकशे त्रेचाळीस, एकोणनव्वद, सत्त्याहत्तर असे ओबडधोबड आकडे असायचे. ते त्यांना आवडायचे.

एकदा जयगडला फेरीबोटीसाठी खोळंबलो होतो. मी चेष्टेने म्हटलं, "बाई, तुम्ही कधीच घाई केली नसेल." त्यांनी खाडीकडे बघत सगळं सांगितलं. सरकारी नोकरीत असताना एका शिबिरात रांग संपता संपेना, कंबर मोडायला आली होती. शेवटच्या बाराजणांना पट्टा न बांधताच त्यांनी कार्डावर लिहून टाकलं, एकशेवीस-ऐंशी. त्यात एका खलाशाची बायको होती. महिन्याच्या आत तिची उजवी बाजू गेली. "नवरा कार्ड घेऊन आला माझ्याकडे. भांडायला नाय रे. विचारायला. म्हणाला, बाई, इथे तर सगळं बरोबर लिवलंय, मग हे असं कसं झालं? अक्षर माझं होतं." फेरीबोट लागली, आम्ही जीप चढवली, आणि तवसाळ येईपर्यंत त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

आमचा अभ्यास मिठाचा होता. वेगळ्या प्रकारचं मीठ असतं, त्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त. ते खाल्लं तर वाढलेला रक्तदाब उतरतो का, हे बघायचं. गुहागरच्या बाजूला समुद्रालगतची खालची वाडी आमच्या यादीत होती. नारळी-पोफळीत दडलेली तीसेक घरं, निम्मे पुरुष मुंबईला, काही लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर, काही बोटीवर. चिठ्ठ्या टाकून निम्म्या घरांना वेगळं मीठ, निम्म्यांना साधं. पुड्या दिसायला सारख्या, फक्त कोपऱ्यात अ किंवा ब. दर महिन्याला आम्ही जायचो, रक्तदाब मोजायचा, रिकाम्या पुड्या मोजून परत घ्यायच्या, नव्या द्यायच्या, आणि ज्यांना लागतील त्यांना गोळ्या.

एकच घर आम्ही वगळलं होतं. दत्ताराम नावाचा बोटीवरचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, पन्नाशीचा. त्याच्या दोन्ही किडन्या अधू झाल्या होत्या. अशा माणसाला पोटॅशियमचं मीठ म्हणजे विषच, रक्तात ते साठत जातं आणि एखाद्या दिवशी हृदय थांबतं. दत्तारामाने बाईंचे हात धरून सांगितलं होतं, "वाडीत कुनाला बोलू नका. पोरीसाठी स्थळं बघतंव." आणि एकाचा आजार दुसऱ्याला सांगायचा नाही, हा आमचाही नियमच होता. मग कुणी विचारलं की बाई एवढंच म्हणायच्या, "त्यांचं घर यादीत बसत नाय."

दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. रिकाम्या पुड्या एक न चुकता परत यायच्या. इतकी शिस्तीची वाडी दुसरी नाही, असं मी मुंबईला कळवलंही होतं.

त्या महिन्यात बाई नेहमीसारख्या, घर यादीत नसतानाही, दत्तारामाकडे डोकावल्या. त्याच्या बायकोने कोकमाचं सरबत दिलं. बाईंनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "मीठ बघू," म्हणाल्या. बायकोने बरणी आणली. बाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवलं. त्या मिठाला शेवटी एक कडवट चव असते, आम्हाला ती माहीत होती. बाई उठल्या आणि सरळ सुगंधाकाकींच्या घरी गेल्या. सुगंधाकाकी म्हणजे वाडीतल्या बायकांची पुढारी. देवळातल्या भांड्यांपासून लग्नातल्या पंगतीपर्यंत सगळं त्यांच्या हातात.

काकींनी काही लपवलं नाही, त्यांना लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. "कुणाला अ नि कुणाला ब, असं कसं चालंल आमच्यात? पयल्या म्हयन्यातच आमी सगळ्या पुड्या देवळात फोडल्या, मोठ्या टोपात एक केल्या नि घरटी वाटे घातले. मासळीचे घालतंव तसे. रिकाम्या पुड्या ज्याच्या त्याला परत." मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, "दत्तारामाला तुमी वगळलात. का ते काय सांगितलात नाय. गरिबाला वाईट वाटलं आसंल. म्हणून त्याच्या घरात वाटा जरा जास्तच देतंव."

बाई जायला वळल्या. दत्तारामाची बायको दारात येऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "वाटा आला घरात. नाय कसं म्हणू? नाय म्हटलं की का ते सांगाया लागतं."

तासाभरात दत्ताराम आमच्या जीपमध्ये होता आणि जीप चिपळूणच्या रस्त्याला. रक्त तपासलं. पोटॅशियम इतकं वाढलं होतं की डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हा माणूस चालत आला का? त्याला ठेवून घेतलं. चार-पाच दिवसांनी तो बचावला असं म्हणता आलं.

परत येताना मी बाईंना समजावत होतो. हे मला आज लिहायला जड जातं, पण तेव्हा मी मनापासून समजावत होतो. म्हटलं, माणूस वाचला ना, मीठ काढून घेऊ, पुढच्या महिन्यापासून घरोघर नीट बघू. वरती कळवायचं कशाला? वाडी यादीतून जाईल. गोळ्या बंद होतील, महिन्याची तपासणी जाईल, आणि आपलं दुकान उठेल ते वेगळं.

"आणि दीड वर्षाचे आकडे?" बाईंनी विचारलं.

"कोण बघतंय, बाई. अशा कितीतरी गावांत आपली एक वाडी."

"उद्या कुणीतरी पेपरात वाचेल, या मिठाने फरक पडत नाय. नाहीतर वाचेल, कुणालाच काय होत नाय. ते वाचून कुठचातरी दत्ताराम जेवायला बसेल." मग त्यांनी सीटला मान टेकली. "मी दमले रे," एवढंच शेवटी म्हणाल्या.

रात्रभर विचार वगैरे काही त्यांनी केला नाही. ऑफिसात आल्या आल्या अर्जाचा कागद घेतला आणि सगळं लिहिलं. त्यात शेवटची ओळ अशी होती: कुणाचं नाव न घेता वाडीला एवढं सांगता आलं असतं की काही आजारांत हे मीठ धोक्याचं असतं, ते मी सांगितलं नाही, ही चूक माझी. मी ती ओळ काढा म्हणालो. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच पाठवला.

व्हायचं ते झालं. खालची वाडी यादीतून गेली, आणि दोन महिन्यांत बाईंना आभाराचं पत्र आलं, म्हणजे नोकरी संपली. वाडीत शेवटचं जायला लागलं तेव्हा काकी दारातच उभ्या राहिल्या. "घरातलं मानून सांगितलं तुमाला, बाई. नि तुमी लिवून मोकळ्या झालात. आता आमच्या गोळ्यांचं काय?"

"बरोबर आहे काकी तुमचं," बाई म्हणाल्या. त्या दिवशी फेरीबोटीत त्या रडल्या. मी जीपची काच पुसत बसलो.

पुढच्या महिन्यात बाई स्वतःचं यंत्र घेऊन एसटीने गेल्या. देवळाच्या सभामंडपात एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडून दिवसभर बसल्या. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. तिसऱ्या महिन्यात मी सोबत होतो. बायका पाण्याला जाता-येता बघायच्या आणि पुढे व्हायच्या. मी म्हटलं, बाई, पुरे आता. त्या म्हणाल्या, "शेवटची एसटी कधी आहे? तोवर बसू."

चौथ्या महिन्यात दत्ताराम आला. बायको आणि मुलगी बरोबर होत्या. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत तो खुर्चीत बसला, पावलं जमिनीला लावली आणि पाच मिनिटं गप्प राहिला. यंत्राचा आकडा वहीत गेल्यावर मागे वळून मोठ्याने म्हणाला, "माज्या किडन्या गेल्यात. म्हणून ते मीठ नको होतं. मीच सांगू नका म्हटलं होतं." मग एकेक बायका येऊ लागल्या. ज्यांचा आकडा वाढलेला असे त्यांना बाई चिठ्ठी देऊन गुहागरच्या सरकारी दवाखान्यात पिटाळायच्या, आणि पुढच्या महिन्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं दाखवा म्हणायच्या. काकी कधी जवळपास फिरकल्या नाहीत.

गेल्या वर्षी बाईंनी अंथरूण धरलं. गुडघे आधीच गेले होते, मग हृदय थकलं. मुलगा मुंबईहून न्यायला आला होता, पण त्या रत्नागिरी सोडायला तयार झाल्या नाहीत. वाडीत त्यांच्या जागी मी जायला लागलो, आणि दर रविवारी त्यांच्याकडे जाऊन त्यांचाच रक्तदाब मोजायचो. झोपल्या-झोपल्याही त्या मला पाच मिनिटं गप्प बसवायच्या.

त्या रविवारी आकडा खूपच वर होता. पट्टा सोडला, परत बांधला, परत तोच.

"किती?"

"एकशेतीस, ऐंशी," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "दोन्हीकडे शून्य," त्या म्हणाल्या. "मेल्या, तुला कसली घाई झाली?"

मी मग खरा आकडा सांगितला. एकशे ब्याण्णव, एकशे सात.

"हां. लिही." मी लिहिला. त्यांनी वही मागून घेतली, चष्मा नव्हता तरी आकड्यांवरून बोट फिरवलं आणि ती उशाशी ठेवली. "आता बोल," म्हणाल्या. "वाडीत कोण कोण आलं होतं?" मी एकेक नाव घेत गेलो. डॉक्टरांना आणलं, गोळ्या बदलल्या, पण पुढच्या रविवारी मला जावं लागलं नाही.

नंतरच्या महिन्यात मी वाडीत गेलो. बाई गेल्याचं वाडीला कळलं होतं. आवराआवर करताना सुगंधाकाकी सभामंडपात आल्या आणि खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"शेवटाला किती होतं बाईंचं?" त्यांनी विचारलं.

माझ्या जिभेवर दुसरंच काहीतरी आलं होतं. मी म्हटलं, "एकशे ब्याण्णव, एकशे सात."

काकींनी मान हलवली. खुर्ची ओढली, पाठ टेकली, पावलं जमिनीला लावली, हात टेबलावर ठेवला आणि गप्प बसल्या. मी घड्याळ बघायला लागलो.