पंचेचाळीस हजारांची डुगडुगणारी खुर्ची

मी पत्रकं लिहिते. एसटीच्या रद्द फेऱ्यांविरुद्ध, दाखल्यासाठी चकरा मारायला लावणाऱ्यांविरुद्ध, पाड्यांवरच्या कोरड्या नळांविरुद्ध. शहापुरात छापून घेते आणि पार मुरबाडपर्यंत वाटते. त्यातली निम्मी वडापाव गुंडाळायला जातात, हे मला माहीत आहे. त्याचा मी निषेधही केला आहे, अर्थात पत्रक काढूनच. पण एका खुर्चीबद्दल लिहिलेलं पत्रक जिथे जाऊन पोचलं, तिथे आजवर माझं एकही पोचलं नव्हतं.

डोळखांबच्या अलीकडे आमचं गाव. तिथे एक सुतारमामा आहेत. माझे सख्खे मामा नव्हेत, सगळ्या गावाचेच. त्यांच्या हातच्या सागवानी खुर्च्यांचं नाव दोन्ही तालुक्यांत होतं. खुर्चीच्या उजव्या हातावर पानाचा डबा ठेवायला एक खोलगट वाटी कोरलेली असायची. ती दिसली की कुणीही सांगावं, ही मामांची. त्यांची कामाची रीतही वेगळी होती. घर बघितल्याशिवाय लाकडाला हात लावायचा नाही. आधी घरी येणार, सारवलेल्या जमिनीवर उकिडवे बसणार, तळहात फिरवत विचारणार, "ठेवनार कुठं?" आणि खुर्ची दिली की तंबी, "आता हितून हलवायची नाय." आम्हाला वाटायचं, म्हातारा लहरी आहे.

मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, चारांवर चार रचता येणाऱ्या. तीन वर्षांत मामांकडे कुणी फिरकलं नाही. एके दिवशी मामी मला म्हणाली, "येत्या रविवारी भंगारवाला बोलावलाय त्यांनी. वाकस, रंधा, पटाश्या, समदं देऊन टाकनार म्हनतात. तू शिकलेली हाय. सांग ना गो काय तरी."

मी सांगितलं. मी नेहमीच सांगते. मामा विड्या ओढत ऐकत राहिले आणि म्हणाले, "हत्याराला काम नसलं का गंज चढतो. मंग आताच दिलेलं बरं, वजन तरी भरल."

त्याच आठवड्यात मी पत्रकं वाटायला टोकावड्याला उतरले. माळशेजच्या रस्त्यावर ढाब्याशेजारी जुन्या लाकडी सामानाचं एक दुकान आहे, फार्महाऊसवाल्यांसाठी. दारातच ती खुर्ची. उजव्या हातावर वाटी. गळ्यात कार्ड: "दुर्मीळ! सह्याद्रीतील कै. थोर कारागिराच्या हातची. ४५,०००."

आधी मला पंचेचाळीस हजार दिसले, मग "कै." दिसलं. कोणत्या गोष्टीचा आधी संताप करावा तेच कळेना. थोर कारागीर तिकडे हत्यारं मोडीत घालायला निघालाय आणि इकडे त्याला परस्पर मारून त्याची खुर्ची विकायला काढली आहे! त्याच रात्री पत्रक लिहिलं. मथळा: "कारागीर जिवंत आहे! भाव मात्र मेल्यावरच का?" खाली सात मागण्या. दुसऱ्या दिवशी शंभर प्रती त्या दुकानाच्या काउंटरवर आपटून आले.

शनिवारी मामांना पुरावा म्हणून एसटीत घातलं. ते हत्यारांची पिशवी घेऊन निघाले. "ही कशाला?" मी विचारलं.

"खुर्ची बघाया रिकाम्या हातानं जाऊ का काय?"

वाटेत मी त्यांच्याकडून घोकून घेतलं. कुणीही भाव विचारला की पंचेचाळीस म्हणायचं. मामा म्हणायचे, "पंचेचाळीस," आणि लाजायचे.

दुकानात एक गिऱ्हाईक होतं, वैशाखऱ्याला बंगला बांधलेल्या एक बाई. बरं झालं, साक्षीदार मिळाला. मी मालकाला म्हटलं, "हे बघा तुमचे कैलासवासी."

मालकाने मामांकडे बघितलं, मग कार्डाकडे. "हे जिवंत आहेत?"

"पहाटे पाचला उठतात."

"मग प्रॉब्लेम आहे, मॅडम. गेलेल्या माणसाचा माल लिमिटेड असतो. जिवंत माणूस उद्या आणखी चार बनवेल. मग पंचेचाळीस मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"आणि जिवंत माणसाचा भाव काय?"

"लाकूड आणि मजुरी. आठ, फार तर नऊ." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "असं करू. काकांनी घरीच बसून बनवायच्या. मी विकणार, निम्मे त्यांचे. कार्ड आहे तसंच राहील. फक्त त्यांनी इकडे यायचं नाही."

मी बोलायला सुरुवात केली. श्रम, शोषण, सन्मान, सगळं आलं. मामा मात्र खरोखर विचारात पडले. "म्हंजे मेल्यागत ऱ्हायचं. तसं तीन वर्सं ऱ्हातोच हाय. पन मंडळीला इचारावं लागंल. ती कुंकू पुसायची नाय."

एवढ्यात त्या बाई खुर्चीत टेकल्या. टक. पुढे झुकल्या. टक.

मामांनी माझं ऐकणं सोडलं. "ही हालती का?"

"जुनी आहे, काका. हलणारच."

मामा गुडघ्यावर बसले. एका पायाखाली आठ घड्यांचा कागद सारला होता. तो त्यांनी ओढून काढला, उलगडला, बघितला आणि माझ्या हातात दिला. "तुजाच हाय ना गो?"

माझाच होता. "कारागीर जिवंत आहे" ही ओळ नेमकी घडीवर आल्यामुळे फाटली होती.

"वरच्या पाड्यावरली ही," मामा म्हणाले. "त्यांच्या ओटीवर उखळाजवळ खळगा व्हता, बोटभर. त्यासाठी हा मागचा पाय लांब ठेवलेला. म्हनून सांगत व्हतो, हलवू नका." आणि पिशवीतून करवत काढली.

"ओ, ओ! ओरिजिनल पीस आहे!" मालक धावला.

मीही ओरडले. मालक आणि मी एकमत होण्याची ही पहिली आणि शेवटची वेळ. "मामा, भाव जाईल!"

"हालनारी खुर्ची माज्या नावावं नको. जित्याच्या नको आन मेल्याच्याबी नको."

चार ओढीत काम झालं. बोटभर लाकूड फरशीवर पडलं आणि त्याबरोबर पंचेचाळीस हजारही. मामांनी कापलेल्या जागेवर कानस फिरवली, बाईंना म्हणाले, "बसा आता." बाई बसल्या. डावीकडे कलल्या, उजवीकडे कलल्या. खुर्ची गप्प.

मालक कपाळ धरून बसला. बाई म्हणाल्या, "ही नको मला. माझ्या व्हरांड्याला उतार आहे, कुठलीच खुर्ची सरळ बसत नाही. तिथल्यासाठी करून द्याल? काय घ्याल?"

मी मामांना डोळ्यांनी खुणावलं. सबंध वाट घोकलं होतं.

मामा म्हणाले, "आधी जमीन बघतो. भाव ही पोरगी सांगंल."

मी पंचेचाळीस सांगितला. बाई हसल्या. मी मागण्यांमागून मागण्या मांडल्या, त्या एकेक करत खोडत गेल्या, आणि वीसवर आम्ही दोघी दमलो. मामा तोवर बाहेर जाऊन वैशाखऱ्याची एसटी कधी आहे ते विचारून आले होते. जाताना पाहिलं, मालक कार्डावरचं "कै." पेनाने खोडत होता. थोर मात्र तसंच ठेवलं होतं.

रविवारी सकाळी भंगारवाला दारात आला. मामी ओट्यावरून म्हणाली, "हत्यारं नाय. ती वैशाखऱ्याला गेली, त्यांच्यासंगं." तो वैतागला, एवढ्या लांब रिकामा आलो म्हणाला. मामीला त्याची दया आली. मी तिच्याकडे ठेवलेला उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा तिने त्याच्या काट्यावर टाकला.

मला म्हणाली, "चांगली भरली गो वजनात."